रशीदभाईंचा अपुरा ब्रेक

उभी नोकरी मी टेबलाला इस्त्री केली. माझी सून लग्न होऊन आली तेव्हा हे ऐकून तोंडाला पदर लावून हसली होती, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. कपड्याला इस्त्री करणारे जालन्यात गल्लोगल्ली आहेत. टेबलाला इस्त्री करणारा मी एकटाच. बिलियर्ड्सच्या टेबलावर हिरवं लोकरी कापड ताणून बसवलेलं असतं आणि त्याच्याखाली दगडाच्या जाड फरश्या. त्या लोकरीला लव असते, मांजराच्या पाठीला असते तशी, आणि ती एकाच दिशेला झोपवावी लागते. म्हणून रोज सकाळी आधी ब्रश, मग कोमट इस्त्री, तीही एकाच बाजूने. उलटी फिरली तर संध्याकाळी बॉल भलतीकडे वळतो आणि मेंबर लोक मार्करच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

तो मार्कर म्हणजे मी. आम्ही मंठ्याकडचे बौद्ध. वडील क्लबात माळी होते, त्यांच्या मागे मी आत शिरलो आणि बागेऐवजी हिरव्या टेबलाची राखण करायला लागलो. टेबल सांभाळायचं, क्यू म्हणजे खेळायच्या काठ्या पुसून ठेवायच्या, आणि खेळ सुरू झाला की प्रत्येक टोल्यानंतर आकडा मोठ्यानं पुकारायचा. एवढंच बोलायचं, बाकी तोंड शिवून ठेवायचं. खेळाडू चुकून समोरच्याचा बॉल मारायला निघाला, आपल्याला ढळढळीत दिसतंय, तरी मार्करनं हूं की चूं करायचं नाही. चूक झाली की मग "फाउल" म्हणायचं. माझी बायको म्हणते, ही सवय घरी आणली असती तर तुमचा संसार सुखाचा झाला असता.

खेळ समजायला सोपा आहे, जमायला जन्म जातो. बॉल तीनच. एक पांढरा आपला, दुसरा पांढरा समोरच्याचा, त्याच्यावर ओळखीला काळा ठिपका, आणि तिसरा लाल. आपल्या बॉलनं बाकीच्या दोघांनाही शिवलं तर दोन गुण. लाल बॉल पॉकेटात पाडला तर तीन. लालला लागून आपलाच बॉल पॉकेटात गेला तरी तीन. गुण मिळतायत तोवर पाळी तुमची, आणि त्या एका पाळीत जमलेल्या गुणांना ब्रेक म्हणायचं. आता पोरं स्नूकर आणि पूल खेळतात, रंगीत बॉल खडाखडा पाडतात. त्यात वाईट काही नाही. पण तीन बॉलांना तासभर एकमेकांच्या आसपास खेळवत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे माझं मन त्या खडखडाटात रमत नाही.

स्पर्धा तेव्हा खूप व्हायच्या. औरंगाबाद, परभणी, नांदेड, आणि हिवाळ्यात आमच्याकडे जालन्याला. मार्कर हा पोटासाठी खेळणारा धरला जायचा, म्हणून मेंबरांच्या स्पर्धेत आम्हाला मज्जाव. शेवटच्या दिवशी सगळ्या गावांच्या मार्करांची एक वेगळी स्पर्धा ठेवायचे, दुपारी साहेब लोक जेवायला गेले की. तीत मी नांदेडला भिंतीवरचं घड्याळ जिंकलो होतो. पाहायला कोण होतं म्हणाल, तर तीन वेटर आणि रशीदभाई.

आणि एकेक नमुने भेटायचे! एक जिनिंगवाले शेठ होते, हरले की टेबल उतरतं आहे म्हणायचे. मी पाणसळ आणून टेबलावर ठेवायचो, बुडबुडा बरोबर मधे. तो बघून शेठ म्हणायचे, "मंग तुझी पाणसळच वाकडी हाय." परभणीचे एक डॉक्टर टोला मारताना श्वास कोंडून धरायचे. मोठा ब्रेक लागला की त्यांचा चेहरा वांग्यासारखा व्हायचा आणि बाकीच्यांना वाटायचं आता यांनाच डॉक्टर बोलवावा लागतो. सगळे गेले बिचारे. पण मला आज लिहायचंय ते दोघांबद्दल, रशीदभाई आणि वकीलसाहेब. तेही आता नाहीत.

रशीदभाई शिंपी. कादराबादेत दुकान, जालन्यातल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट त्यांच्या हातचे. तरुणपणी हैदराबादला मामूकडे राह्यले, तो मामू बिलियर्ड्सच्या हॉलमध्ये कामाला, तिथं हा खेळ हातात बसला. असा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता, म्हणून क्लबानं त्यांना खेळाडू मेंबर करून घेतलं. म्हणजे कसं, तर क्लबासाठी कप आणायचे, पण जेवायच्या हॉलमध्ये बसायचं नाही. ते माझ्याबरोबर मागच्या व्हरांड्यात जेवायचे. मला त्याचा राग यायचा. ते म्हणायचे, "छोड रे उत्तम. टेबल पे तो सब बराबर."

वकीलसाहेब, भगवानराव, टेंभुर्णीचे. घरची शेती, घराणं मोठं, वकिली जमिनीच्या दाव्यांची. तोंड अखंड चालू. टोला मारतानासुद्धा बोलायचे, बॉलला दम द्यायचे, "कुठं चालला रं भाड्या, इकडं ये." खेळ चांगला, फार चांगला, पण फायनलला रशीदभाई समोर आले की हरायचे. दर वर्षी. जालन्यात हरले, नांदेडात हरले, परभणीत तर जिंकता जिंकता हरले. शेवटचा आकडा मी पुकारला की रशीदभाई क्यू खाली ठेवायचे आणि अदबीनं म्हणायचे, "वकीलसाहब, अपील करो." हॉल हसायचा, वकीलसाहेब शिव्या घालायचे, आणि मग आपलं ताट उचलून आमच्याकडे व्हरांड्यात यायचे. आतल्या जेवणाला मीठ नसतं, हे त्यांचं कारण. मी आतलं जेवण खाल्लेलं आहे. मीठ बरोबर असायचं.

दोघांत सख्ख्या भावांसारखं होतं असं मी म्हणणार नाही, सख्खे भाऊ कोर्टात काय करतात ते वकीलसाहेब रोज बघत होते. पण वकीलसाहेबांचा एकच ध्यास होता, मरायच्या आधी रशीदला एकदा हरवायचं. सगळ्यांसमोर म्हणायचे. रशीदभाई म्हणायचे, "इन्शाल्लाह. जल्दी करो, मी पण म्हातारा होऊन राह्यलो."

आमच्याकडची फायनल दोन बैठकांत व्हायची. शनिवारी संध्याकाळी पहिली, रविवारी सकाळी दुसरी, पाचशेचा डाव. त्या वर्षी शनिवारची वेळ संपली तेव्हा रशीदभाई टेबलावर होते. ब्रेक चौऱ्याहत्तर आणि अजून चालूच. अशा वेळी पाळी मोडत नाही. मार्करनं तिन्ही बॉलांच्या जागा खुणेनं धरून ठेवायच्या, बॉल डब्यात ठेवायचे, टेबलावर चादर घालायची, आणि दुसऱ्या दिवशी बॉल बराबर त्याच जागी ठेवून खेळाडूनं तिथूनच पुढं खेळायचं. त्याला अपुरा ब्रेक म्हणतात. मी शिंप्याच्या खडूनं खुणा करायचो, तो खडूही रशीदभाईंच्याच दुकानातला.

"नीट मार्क कर बाबा," ते क्यू पेटीत ठेवत म्हणाले. "सकाळी येतो, आणि जरासं काम उरलंय ते उरकून टाकतो."

"जरासं?" वकीलसाहेब म्हणाले. "अरे, मला बेचाळीस पाहिजेत फक्त. तू एकदा चुकलास की बघ."

"मी चुकलो तर ना."

सकाळी सगळे जमले. वकीलसाहेब नवा कोट घालून आले होते, अर्थात रशीदभाईंनी शिवलेला. मी खुणा जपून इस्त्री केली, बॉल ठेवले. रशीदभाई आले नाहीत. माणूस वेळेचा इतका पक्का की मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात क्लबाच्या ऑफिसात फोन आला, रशीदभाईंच्या लेकीचा, नसीमचा. ती उर्दू शाळेत शिकवायची. अब्बा फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजला उठले आणि हातपाय धुवून वजू करतानाच खाली पडले. डावं अंग गेलं. औरंगाबादला घेऊन निघाले होते.

मग सेक्रेटरीसाहेब हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. पण नियमानं वॉकओव्हर होतो. कप भगवानरावांना."

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली की मीच मागं सरकलो.

"पाळी कोणाची हाय?"

"पाळी रशीदची, पण..."

"मंग पण कशाला? त्याची पाळी चालू हाय, ब्रेक चालू हाय. मी टेबलाला हात लावणार न्हाई आन् कपालाही न्हाई."

ते तसेच बाहेर पडले आणि औरंगाबादच्या रस्त्याला लागले.

रशीदभाई वाचले. महिन्याभरानं घरी आले, बोलणं थोडं जड, डोकं मात्र बिलकुल साफ. डावा हात लोंबता, डावा पाय ओढून चालायचे. मशीन पायाची होती, ती बंद झाली. दुकान भाच्यानं घेतलं. वकीलसाहेब दर आठवड्याला जायचे, कधी मीही. क्लबात येऊन वकीलसाहेब बसायचे, चहा घ्यायचे, भांडायचे, पण क्यूला हात लावायचे नाहीत. कोणी खेळायला बोलावलं तर म्हणायचे, "एक डाव चालू असता दुसरा कसा लावू?"

आणि मी काय करत होतो, तर रोज सकाळी इस्त्री फिरवताना त्या तीन खुणांपाशी हात उचलत होतो. रोज संध्याकाळी मेंबर खेळायचे, खडू पुसट व्हायचा, सकाळी मी पुन्हा गिरवायचो. एक नवे इंजिनिअर मेंबर म्हणाले, "उत्तम, टेबलाला टिकल्या कसल्या लावल्यास?" मी म्हणालो, "साहेब, डाव चालू आहे." सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा बजावलं, पुसून टाक. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं.

आम्हाला वाटत होतं आपण रशीदभाईंचा मान ठेवतोय. ते मात्र आतल्या आत जळत होते. एकदा मी एकटाच गेलो होतो. नसीमनं चहा दिला आणि ती आत गेली तसे ते एकदम म्हणाले,

"उत्तम, तुम्ही दोघांनी मला जिंदा दफन केलंय."

मी गडबडलो. "असं का म्हणता भाई?"

"मंग काय म्हणू? वकील खेळत न्हाई, तू खुणा गिरवत बसलाय, सगळं गाव बघून राह्यलं, रशीद कधी उठतो. मी आता उठत न्हाई, समजलं? मी मेलो की क्लबात जिंकणाऱ्यांच्या नावांचा बोर्ड आहे, त्यावर काय लिहिणार? वकील वॉकओव्हरनं जिंकला. म्हणजे मला कुणी हरवलं? लकव्यानं." ओठाच्या डाव्या कडेनं चहा ओघळला होता, तो उजव्या हातानं पुसला. "चाळीस वर्षं खेळलो. हरायचं तर माणसाकडून हरू दे रे. वकिलानं हरवलं तर मला खुशी आहे. लकव्याकडून नक्को."

मी म्हणालो, या ना मग टेबलावर. ते हसले, तोंड एकाच बाजूनं हसलं. पण तो शब्द त्यांनी धरून ठेवला असावा. पुढच्या हिवाळ्यात, स्पर्धा भरायच्या थोडं आधी, नसीमचा निरोप आला: अब्बा रविवारी सकाळी येतायत, डाव लावून ठेवा.

त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. रिक्षातून उतरायलाच त्यांना वेळ लागला. एका बाजूला नसीम, एका बाजूला काठी. तब्येत पार उतरली होती, कोट अंगावर पांघरल्यासारखा दिसत होता. दारातच थांबून त्यांनी हाक मारली, "क्यों रे उत्तम, टेबल जिंदा है?"

"आहे भाई. तुमचीच वाट बघून राह्यलंय."

मी खुणांवर बॉल ठेवले. ते वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. "लाल थोडा इकडं होता."

"नाही भाई, बराबर आहे."

"वर्षभरात तूच सरकवला असशील," म्हणाले, आणि तेवढ्यानं हॉल हसला. सगळ्यांना हसायची गरजच होती.

मग अडचण उभी राहिली. टोला मारताना डावा हात कापडावर रोवायचा, बोटं पसरायची, आणि अंगठ्याच्या खाचेतून क्यू सरकवायची. त्याला ब्रिज म्हणतात. रशीदभाईंचा डावा हात मेलेला. लांबचा बॉल मारायला एक दांडा असतो, पुढं आडवी फुली लावलेला, त्याला रेस्ट म्हणतात. मी विचारलं, "रेस्ट देऊ?"

"रेस्ट धरायला डावा हातच लागतो रे."

नसीम म्हणाली, "अब्बा, बस हो गया, घर चलो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते नुसते टेबलाला टेकून उभे राहिले. एवढा मोठा खेळाडू, आणि समोर सोपा टोला असताना त्याला तो मारता येत नाही. मला बघवेना.

तेव्हा वकीलसाहेब उठले. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाही सारली, टेबलाशी गेले आणि आपला डावा हात कापडावर ठेवला. पांढऱ्या बॉलच्या मागं, बोटं पसरून, अंगठा वर. "ठेव इथं."

रशीदभाई त्या हाताकडं बघत राहिले.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "भगवानराव, हे नियमात बसत नाही."

"आक्षेप घ्यायचा हक्क कोणाला? समोरच्या खेळाडूला. समोरचा खेळाडू मी. माझा आक्षेप न्हाई. बसा खाली."

रशीदभाईंनी क्यू त्या हातावर ठेवली. नसीमनं मागून कमरेला धरलं. क्यू थरथरत होती, आणि वकीलसाहेबांचा हात मात्र फरशीसारखा स्थिर. नेहमी तोंड चालणारा तो माणूस एक शब्द बोलला नाही. रशीदभाईंनी क्यू दोन-तीनदा मागंपुढं केली आणि टोला मारला. पांढरा लालला शिवला, टेबलाच्या कडेच्या रबरी गादीला लागून परतला आणि हळूहळू, फार हळूहळू जाऊन ठिपक्याच्या बॉलला टेकला.

"शहात्तर!" मी पुकारलं. आवाज फाटला माझा. खेळाडू लोक टाळी वाजवत नाहीत, क्यूचं बूड फरशीवर आपटतात. त्या दिवशी सगळा हॉल दणाणला.

रशीदभाई सरळ झाले. धाप लागली होती. कपाळावर घाम. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "फाउल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"फाउल झाला. नेम धरताना टोक बॉलला शिवलं. टोल्याच्या आधीच."

आमच्या खेळाची रीत आहे ही. मार्करला दिसो न दिसो, फाउल झाला असेल तर खेळाडूनं स्वतः सांगायचा, आणि त्यानं सांगितला की मार्करनं मानायचा. रशीदभाईंनी असे कितीतरी फाउल स्वतःवर घेतलेले मी पाह्यले होते, फायनलमध्येसुद्धा. पण मी टेबलाशीच उभा होतो, डोळे बॉलवरच होते. मला काही दिसलं नव्हतं. मी वकीलसाहेबांकडं बघितलं. त्यांचा हात अजून कापडावरच होता. ते खाली बघत होते.

मी पुकारलं, "फाउल. ब्रेक चौऱ्याहत्तर. दोन गुण वकीलसाहेबांना."

म्हणजे वकीलसाहेबांना आता चाळीस पाहिजे होते, आणि पाळी त्यांची. रशीदभाईंना खुर्चीत बसवलं. बसता बसता ते म्हणाले, "वकील, जान-बूझ के चुकू नक्को. तू चुकलास की मला परत उठावं लागंल. आणि मी उठंन, लक्षात ठेव."

हॉलमध्ये किती जणांना त्याचा अर्थ कळला मला माहीत नाही. वकीलसाहेबांना कळला. वर्षभर क्यूला न शिवलेला माणूस, साठी ओलांडलेली, आणि एका पाळीत चाळीस करायचे. एक टोला हुकला तर त्या मोडक्या माणसाला पुन्हा टेबलापर्यंत आणायचं. जिंकून टाकणं हीच एक दया उरली होती त्यांच्या हातात. लोकांना वाटतं समोरच्याला सोडून देणं म्हणजे मोठेपणा. नेहमी नसतं तसं.

पहिले दोन-तीन टोले कसेबसे बसले. लाल पाडला तो पॉकेटाच्या तोंडाशी थरथरून आत गेला. मग हात लागला. मी आकडे पुकारत होतो, अकरा, चौदा, सोळा. वकीलसाहेब गप्प. बॉलला एक शिवी नाही. त्यांना असं गप्प खेळताना मी कधीच पाह्यलं नव्हतं. एकदा बॉल गादीला चिकटून बसला आणि मला वाटलं, संपलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. डोळेच वाहत होते तर काच पुसून काय होणार!

"रडायचं नंतर," रशीदभाई खुर्चीतून म्हणाले. "आधी मार."

मारला. बसला. मग त्यांनी मागं वळून बघितलं नाही. शेवटचा टोला लालला लागून आपला बॉल कोपऱ्याच्या पॉकेटात, तीन गुणांचा. त्यांचा आवडता, जो फायनलमध्ये दर वेळी हुकायचा. बॉल आत पडल्याचा आवाज आला.

"पाचशे. डाव वकीलसाहेबांचा."

आधी दणका रशीदभाईंच्या काठीचा झाला, मग बाकीच्यांचा. वकीलसाहेब क्यू टेबलावर टाकून त्यांच्यापाशी गेले आणि खुर्चीजवळ फरशीवरच बसले, साठीचा वकील, पांढऱ्या पँटीसकट. रशीदभाईंनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. "तीस साल लगा दिए, कम्बख्त!" मग रिक्षात बसेपर्यंत जो भेटेल त्याला सांगत गेले, वकिलानं हरवलं, बरं का, वकिलानं. इतका खुश चेहरा मी त्यांचा कप जिंकतानाही पाह्यला नव्हता.

उन्हाळा लागायच्या आत रशीदभाई गेले.

कबरस्तानात आम्ही दोघंही गेलो. सगळ्यांनी माती दिली, आम्हीही दिली. लोक पांगले. वकीलसाहेबांना चालवेना म्हणून आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर टेकलो. ऊन चढलं होतं. बराच वेळ ते हाताला लागलेली माती बोटांनी चोळत राहिले.

"उत्तम, तो फाउल झाला नव्हता."

मी त्यांच्याकडं वळून बघितलं.

"क्यू माझ्या हातावर होती. टोक कुठं होतं मला कळत होतं की. शिवलं न्हाई. बिलकुल न्हाई. जिंदगीत खेळात एकदाच खोटं बोलला तो."

मला रागच आला. का आला ते आजही सांगता येत नाही. "मग तुम्ही खेळलात कशाला? तेव्हाच सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?" ते माझ्यावर खेकसले आणि लगेच आवाज खाली आला. "अरे, तो माझ्या हातावर भार टाकून उभा होता. सगळा भार. त्याच्यात अजून एक टोला मारायची ताकद न्हवती उत्तम. जमत न्हाई म्हणायचं न्हवतं त्याला, म्हणून फाउल म्हणला. मी न्हाई म्हणलो असतो तर त्याला परत वाकावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो आन् खेळलो. चोरासारखं वाटत होतं मला. तरी खेळलो, आन् बराबर खेळलो."

रस्त्यानं रिक्षा जात होत्या. मी एकीला हात केला, ती थांबली नाही.

"तीस वर्षं," वकीलसाहेब म्हणाले, "दर वर्षी हरून घरी जाताना मनात म्हणायचो, एकदा जिंकू दे, मंग याला असं चिडवतो, असं चिडवतो की बस. काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं मी. अपीलाचं सुद्धा." त्यांनी हाताची माती झटकली. "जिंकलो. आता कुणाला चिडवू?"